सोमवारची न्याहारी

अंधाऱ्या खोलीत पोटावर गार चिकट काहीतरी चोपडून
पोरगी पडद्याकडं बघत बोलली, "कल्ल अदाव."
मला कन्नड येतं ते रताळी विकण्यापुरतं,
ऐवत्तु, अरवत्तु, कम्मी माडरी.
मी म्हटलं, हो, बाहेर बाकड्यावर बसलेत की.

चोवीस वर्षं जे नाव
उखाण्याबाहेर तोंडात घेतलं नाही,
ते ही गोकाककडची पोर
माझ्या पोटात बघून वाचूलाली होती.

"कल्लाप्पा नव्हं, मावशी. कल्ल. खडे.
पित्ताच्या पिशवीत. भरपूर आहेत."

दुखणं तसं दोन वर्षांचं.
पहिल्यांदा उठलं कडोलीच्या जत्रेला,
मटणाचा रस्सा, वर तुपात भिजलेली पोळी,
आणि मध्यरात्री उजव्या बरगडीखाली
कुणी ओलं लुगडं पिळावं तसा पीळ,
पार मागं खवाट्यापर्यंत.
पहाटे आपसूक थांबलं.
जाऊ म्हणाली वात, सासू म्हणाली करणी,
गंगव्वानं पानफुटीची पानं आणून दिली,
तिच्या दिराचा मुतखडा पडला होता म्हणे.
महिनाभर चावली.

डॉक्टरीण हसली नाही.
"ते दुसऱ्या घरचं औषध. हा खडा पानानं विरघळत नाही.
सरकला तर नळीत अडकतो,
मग ताप, मग डोळे पिवळे.
दुखतंय तोवर काढून घ्या."

मग तिनं विचारत विचारत लिहिलं:
बाईमाणूस. वय पंचेचाळीस. बाळंतपणं चार.
वजन अठ्ठ्याहत्तर.
स्थळ सांगताना मुलीची माहिती देतात ना,
तशी कुणाला तरी माझी ओळख करून देत होती.
आईला होते का?
आई पोट धरून गेली,
एवढंच आम्हाला ठाऊक.

"उपास?"
मी जरा ताठ बसले.
सोमवार, मंगळवार, संकष्टी, एकादशी,
श्रावणात एकभुक्त.
तिनं पेन खाली ठेवलं.
"पोट फार वेळ रिकामं राहिलं की पिशवी आवळत नाही.
पित्त जागच्या जागी दाटतं."
म्हणजे बरणीतली काकवी, मी म्हटलं,
ढवळली नाही की तळाला खडे धरते.
"तसंच," ती म्हणाली. "उपासच कारण असं नाही. पण तेही एक."

त्या एका 'पण'वर मी रात्रभर कूस बदलत होते.

सहीचा कागद कन्नडात.
ह्यांनी अडखळत वाचून दाखवला,
'जिवाला धोका' आलं तिथं आवाज खाली गेला.
मी मराठीत सही केली.
कुणी काही म्हणालं नाही.

पिशवीच काढली तर पित्त राहणार कुठं?
ऑपरेशनच्या टेबलावर विचारलं.
"राहणार नाही. काळजातनं सरळ आतड्यात उतरेल.
घर नसलं म्हणून त्याचं अडत नाही."
मग नाकावर काहीतरी ठेवलं.

चार भोकं, चार टाके, तिसऱ्या दिवशी बस.
औषधाच्या बाटलीत घालून दिलेले
धाकटीनं खिडकीत धरून मोजले.
सतरा.
हळकुंडाच्या तुकड्यांसारखे, काही हिरवट,
एकमेकांना घासून घासून
कोपरे सपाट झालेले.
"टाकू का?" हे म्हणाले,
आणि न टाकता फळीवर ठेवले,
फवारणीच्या बाटल्यांपासून लांब.

महिनाभर तळकट नको, थोडं थोडं खा, जड उचलू नको.
सासू ऐकत होती, एकदा म्हणाली,
आणि सोमवार?

सोमवारी सकाळी देवाला दिवा लावला,
चुलीपाशी बसले,
अर्धी भाकरी, दोडक्याची भाजी, तेल नावापुरतं.
दिवा होता तसाच जळत होता.
बाहेरनं ह्यांनी हाक मारली.
मी ओ दिली नाही,
तोंडात घास होता.