सहा मिनिटांचा भाव

बावीस वर्षं मी मोंटानात, ब्यूटच्या शाळेत, जेवण रांधलं.
साडेचारशे पोरं. पोरामागे किती सेंट पडतात
ते मुख्याध्यापकांच्या आधी मला ठाऊक असायचं.
वकील शोधायला निघाले तीही तशीच,
कांद्याच्या पोत्यात तळापर्यंत हात घालून बघावा तशी.

पहिल्याकडे चामड्याचे सोफे,
खिडकीत अख्खी टेकडी, बंद खाणींचे लोखंडी मनोरे.
कॉफी फक्कड होती. मनात म्हटलं, हिचे पैसे
कुणाच्या तरी बिलात गेलेच असणार.
दुसऱ्याने पहिला अर्धा तास फुकट दिला
आणि अर्धा तास स्वतःच बोलला.
तिसरी ऑर्ला हॅनिफन. खाली बुटांचं दुकान, जिना कुरकुरता.
विचारलं, काम तुम्ही करणार की हाताखालचं पोरगं?
ताशी किती?
आणि तासाचा सगळ्यात लहान तुकडा केवढा कापता?
ती हसली नाही. म्हणाली, तीनशे वीस डॉलर. तुकडा सहा मिनिटांचा.
सातवं मिनिट लागलं की दुसरा तुकडा.

पहिल्या बिलात एक ओळ होती:
दूरध्वनी, अशिलाशी, दोन तुकडे, चौसष्ट डॉलर.
आठवून पाहिलं. फोन मीच केला होता,
कागद पोचले का विचारायला. तो एक तुकडा.
आणि ठेवता ठेवता म्हटलं होतं,
बर्फ कसा आहे हो तुमच्याकडे?
तिचं ऑफिस माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर.

त्यानंतर टेबलावर टाइमर आला,
लाल, टोमॅटोच्या आकाराचा, अंडी उकडायचा.
प्रश्न आता साठवायचे, सात झाले की एकदम विचारायचे.
आईचं मृत्युपत्र, घराचा कर,
डुशानने कुलूप बदललं तो दिवस,
सगळं दोन पानांत, तारीखवार, विशेषणं काढून.
"नालायक" हा शब्द तीनदा आला होता. तिन्हीदा खोडला,
तो वाचायची सेकंदं माझ्याच खिशातली.
रडायचं ते खाली, गाडीत.
तिथे पार्किंग तासाला एक डॉलर,
एवढ्या स्वस्तात ह्या गावात दुसरं काही उरकत नाही.

फेब्रुवारीत तिने पेन खाली ठेवलं.
"मिल्का, खटला तुम्ही जिंकाल बहुतेक. दीड वर्ष लागेल.
तोवर तुमचा हिस्सा माझ्या फीत जाईल,
त्याचा त्याच्या वकिलाच्या.
नका लढू. पाच ओळींचं पत्र पाठवू."
कोंबडीपेक्षा मसाला महाग पडतो,
हे मला कुणी शिकवायला नको.
पण मसाला विकणारीनेच ते सांगावं,
असं कुठल्या बाजारात घडतं?
त्या बोलण्याचा एकच तुकडा लागला. बत्तीस डॉलर.
आयुष्यात इतकं स्वस्त "नको" मी विकत घेतलं नव्हतं.

पत्र गेलं. सप्टेंबरात घर विकलं, निम्मं निम्मं.
एकूण त्रेचाळीस तुकडे झाले. मी मोजले.
एक जास्तीचा निघाला, तिने मुकाट्याने खोडला.

काल रात्री डुशानला फोन लावला. दोन वर्षांनी.
त्याने उचलला. बोलला नाही.
मीही नाही.
सवयीने टोमॅटोला पीळ दिला होता,
तो टिकटिकत राहिला
माझ्या श्वासात, त्याच्या श्वासात,
आणि वाजला.
"काय वाजतंय?"
काही नाही, म्हटलं. अंडी.
पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं,
बर्फ कसा आहे रे तुझ्याकडे?
"आहे की," म्हणाला. "फावडं मोडलंय."