गवताचं वळण

झोपाळा मोडला तेव्हा नदीन तिशी ओलांडून गेली होती,
तरी तिने फोनवर विचारलंच, साखळी कुठे टाकली?
टाकली नाही, बाबा म्हणाले. कामाला लावली.

चार इंची पांढरा पाइप, मॉवरच्या रुंदीएवढा कापलेला,
दोन्ही टोकांना झाकणं, मधून आरपार सळई,
आणि पोटात वाळू,
तीही आमच्याच खेळायच्या चौकटीतली,
उन्हात वाळवून, चाळून, मोजून चाळीस पौंड.
चाळणीत एक प्लास्टिकचा शिपाई उरला, एक गोटी
आणि टीगच्या मांजराचं बरंच काही.
मग हे सगळं झोपाळ्याच्या साखळीने मॉवरमागे जुंपलं.
दुकानात ह्यालाच तीनशे डॉलर पडतात
हे त्यांनी पाद्र्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं,
खुब्याच्या डॉक्टरला भूल चढता चढता सांगितलं.

यंदा खुबा नवा आणि मॉवर माझ्या हाती.
ओहायोतला जून, तरी त्यांच्या मांडीवर घोंगडी.
पोर्चमध्ये बसलेत, हातात काठी,
टेकायला कमी, दाखवायला जास्त.
"पायाखाली बघू नकोस.
टीगच्या कुंपणाचा तो खांब बघ
आणि नाकासमोर चाल."
जन्मभर मला हेच सांगत आलेत.
या खेपेला निदान खांब तरी होता.

पाती कापली जातात ते सगळ्यांना दिसतं.
मागून रूळ येतो, पाइपातली वाळू
झोपमोड झाल्यासारखी कूस बदलते,
आणि गवत मोडत नाही, नुसतं कलतं,
जाणारा जातो त्या बाजूला.
आपल्याला पाठमोरं कललेलं ते उजळ,
आपल्यावर टोकं रोखलेलं ते गर्द.
हिरव्या रंगाचा डबा कुणी उघडलेलाच नाही.

"तिसरा पट्टा उजळ आलाय!" बाबा ओरडले.
मी पार खांबापाशी होतो. तिसरा पट्टा
माझ्यासमोर तळ्यासारखा गर्द.
"गर्द आहे!"
"उजळ!"
"गर्द!"
असेच आम्ही भांडलो होतो
टायरच्या कारखान्यात मी गेलो नाही त्यावरून,
कोलंबसच्या घरभाड्यावरून,
आईच्या दफनाला मी कोणता कोट घातला त्यावरून.
टीग कुंपणावर कोपर टेकून म्हणाला,
मला तर बाबांनो पट्टेच दिसत नाहीत,
इथून सगळं सपाट.
त्याला दोघांनीही गप्प केलं.

सातव्या पट्ट्यात झाकण सैल झालं.
मला कळलं नाही, खांब बघत होतो ना.
मागे वळलो तर गवतात वाळूची बारीक रेघ,
माझा तोल कुठे कुठे गेला
त्याचा अगदी प्रामाणिक हिशेब.

बाबा उठले.
पायऱ्या तीन, डॉक्टरची परवानगी एकीलाही नव्हती.
एक पाऊल, एक फरपट, एक पाऊल,
आखून ठेवलेल्या पट्ट्यांना आडवे छेदत आले,
वाकता येईना म्हणून बुटाच्या टोकाने झाकण हलवून पाहिलं,
सरसाचं नाव घेऊन एक शिवी दिली
आणि श्वास घेण्यापुरते माझ्याशेजारी उभे राहिले,
घराकडे तोंड करून.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
"इथून गर्द दिसतो खरा."
मी काही बोललो नाही.
"पण मी बसतो तिकडे."

मग मी त्यांना परत नेलं. नेलं म्हणजे
ते पुढे, मी मागे,
हात त्यांच्या कोपरापासून बोटभर दूर.

गुरुवारपर्यंत गवत उठून उभं राहिलं,
लावलेलं वळण विसरून, सगळं एकसारखं.
बुटांचे ठसेही गेले.
वाळूची रेघ तेवढी आहे.
टीगचं आताचं मांजर रोज तिथवर येतं,
हुंगतं,
आणि जुनी ओळख निघाल्यासारखं
खाली बसतं.