गळती सापडली नाही

जून लागला की वाल्दिव्हियात
सगळ्याच गाड्यांना आतून घाम फुटतो.
वर पाऊस, खाली नदी, मधे ओल्या लाकडाचा धूर.
म्हणून एलिएसेर जुनी सुझुकी घेऊन आला
आणि म्हणाला, दोन्या नोल्फा, काचांवर धुकं धरतं,
सकाळी अर्धा तास नुसता पुसतच बसतो,
तेव्हा मला काही नवल वाटलं नाही.

म्हटलं, पाणी आपणहून येत नाही कुठं.
त्याला वाट लागते. बघू या.

आधी बॉनेट. वायपरच्या खालच्या पन्हळीत
कोइवेची पानं, चहाच्या चोथ्यासारखी.
बोटांनी उपसली, वरून जगभर पाणी ओतलं,
सरळ चाकामागून उतरलं रस्त्यावर.
मग दारांची रबरं: कागदाचा कपटा ठेवून दार लावायचं,
कपटा ओढायचा. सहज निघाला तर रबर मेलं.
चारही दारांनी कपटा असा धरला
जशी पगाराची शेवटची नोट.

काचेवरचा थेंब बोटावर घेऊन हुंगला.
गोडसर वास असता तर हीटर फुटला म्हणायचं.
नुसतं पाणी. कशाचाच वास नाही.

हवा आतल्या आत फिरवायचं बटण
त्यानं दाबूनच ठेवलेलं. ते सोडलं.
बाबा रे, बाहेरची हवा घे,
एसी आणि हीटर दोन्ही लाव एकदम,
येडेपणा वाटेल, पण एक पिळतो नि दुसरा वाळवतो.
तो मान डोलावत होता. लक्ष माझ्या हातांकडे,
मी आता काय उचलेन याच्याकडे.

मी चटई उचलली. खालचा फोम मुठीत पिळला.
कोरडा.

तिथंही नाही म्हटल्यावर मी मागं गेले.
मागची सीट पाडलेली. मागच्या काचा
पुढच्यांपेक्षा जास्त पांढऱ्या,
आणि डावीकडच्या काचेवर, अगदी खाली,
आडव्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला
हातानं पुसलेला एक गोल. बशीएवढा.
रस्त्यावरचा दिवा दिसावा म्हणून,
किंवा कोणी येतंय का ते.

पांघरुणाची घडी, कोपऱ्याला कोपरा जुळवून.
दाराच्या कप्प्यात टूथब्रश.
मासळीच्या कारखान्याचे पांढरे बूट, आत वर्तमानपत्र कोंबलेलं.

माणूस रात्रभर झोपतो
तेव्हा पेलाभर पाणी श्वासातून बाहेर टाकतो.
घर मोठं असलं तर ते कुठं जातं कळत नाही.
घर एवढंच असलं
तर पहाटे परत अंगावर ठिबकतं.

मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता
आणि मला ते ऐकून घ्यावं लागलं असतं.
म्हटलं, रात्री गाडी उभी करतोस तेव्हा
समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेव.
"थंडी वाजेल की मग," तो म्हणाला,
आणि जीभ चावली. "म्हणजे, सीटना."
वाजू दे, म्हटलं. थंडी बरी. ओल हाडांत जाते.
सीटच्या.

माझ्या नवऱ्याचे दोन लोकरी मोजे
मांजराच्या पेटीतल्या मातीनं भरून गाठ मारून दिले.
एक पुढं ठेव, एक मागं. माती ओल पिते.
दर शनिवारी माझ्या शेगडीवर आणून वाळव,
चार तास लागतात, तोवर बसावं लागेल,
रात्रीचा आलास तरी चालेल.

पावतीवर 'बिघाड' असा एक रकाना असतो.
पेन बराच वेळ तसंच धरलं.
लिहिलं: गळती सापडली नाही. पानं काढली.
रकमेपुढं आडवी रेघ.

तो गुरुवारीच आला,
मोजे जॅकेटच्या आत धरून, जशी मांजराची पिल्लं.
मी हातात घेऊन दाबून पाहिले.
अजून कोरडेच होते.
शेगडीवर ठेवले,
आणि आणखी एक लाकूड आत सारलं.