तीसोनची पानथरी

पडद्यावर राखाडी धूर, आणि धुरात
संत्र्याएवढं काहीतरी
पानथरीच्या शेपटाला लोंबलेलं.
जेल पुसत मी म्हणते, गाठ आहे.
ओलेगारियो मातेचा पेला हातातून खाली ठेवत नाही.
"वाईट आहे का, दोक्तोरा?"

चाळीस वर्षं त्याने मेंढ्या कातरल्या,
ताकुआरेम्बोपासून थेट ब्राझीलच्या कुंपणापर्यंत.
लोकरीत दोन बोटं घालून सांगायचा,
ही गेल्या उन्हाळ्यात उपाशी होती, तीन आठवडे तरी.
मला तशी बोटं घालता येत नाहीत.

सुई घातली तर नुसतं रक्त येतं,
आणि रक्त काही कबूल करत नाही.
छातीचा एक्स-रे स्वच्छ.
हृदयाच्या उजव्या कप्प्यात काही दिसलं नाही;
दिसलं नाही म्हणजे नाही, असं नव्हे.
पोटात रक्त साचलेलं नाही, ते बरं.
गाठ मोठी आहे, आणि विचित्र वाटेल,
पण तेही थोडं बरंच:
लहान असून फुटणाऱ्या गाठींना मी जास्त भिते.

भीतीने पोटात गोळा येतो म्हणतात.
तीसोनच्या पोटात गोळा खराखुरा,
भीती मात्र सगळी टेबलाच्या या बाजूला.

"आकडा सांगा."
मी सांगते. मग दुसरा सांगते.
आकडे हजार कुत्र्यांचे असतात.
हा एकच, आणि आत्ता माझा गुडघा हुंगतोय.

"उघडल्यावर तरी कळेल?"
"तेव्हाही नाही. पानथरी काढून
मोंतेविदेओला पाठवायची. मग दहा दिवस."
"म्हणजे आधी कापायचं, मग विचारायचं."
"हो."

तो नळी ओढतो. पेल्यात पाणी कधीच संपलंय, नुसता आवाज.
"एल्विराच्या वेळी उलटं होतं," म्हणतो.
"सगळं आधीच कळलं होतं,
कापण्यासारखं काही उरलं नव्हतं."

मी कागद पुढे करते.
सही करताना आडनाव अर्ध्यावर सोडून विचारतो,
"पोटावरचे केस कोण काढतं?"
"मदतनीस. मशीनने."
"द्या इकडे."

तीसोन पाठीवर लोळतो, उन्हात लोळावं तसा.
त्या जुन्या मनगटाखालून
काळी लव एकसंध सुटत जाते,
एक ओरखडा नाही,
आणि खालून वर येते गुलाबी कातडी,
वर-खाली होणारी,
आतलं काहीही न सांगणारी.