उणे चारशे दहा

मे महिन्यात हिंगण्याच्या शेडमध्ये
तेलालासुद्धा घाम फुटतो.
साठावर राखायचं, ते नव्वदीला टेकलं,
आणि नवा सुपरवायझर म्हणाला, पाण्यात टाका.
ट्रकवाला दारात हॉर्न मारत होता.
शालिकभाऊंनी चिमटा खाली ठेवला:
"पान्यात टाकशीन तं आता हासंन,
राती रडंन थे."

टाकलेच.
बावीस गिअर, भट्टीतून लालबुंद, एकेक करून.
चर्रर्र. वाफ पत्र्यापर्यंत.
काढले तेव्हा फाईल घसरत होती दातांवरून,
सुपरवायझर खूश.

रात्रपाळीत, पंखे बंद असताना,
रॅकवरून आवाज आला. टक्क.
मग बराच वेळ काही नाही.
मग टक्क.
शालिकभाऊ बिडी न पेटवता मोजत बसले होते.
सकाळपर्यंत सात.

"पान्यात कातडं आधी कडक होते, मॅडम,
गाभा मागून फुगते.
ताठ कातड्याले मंग ताणच ताण."
त्यांचे वडील उमरेडला नांगराचे फाळ पाजवायचे.
पाजवणं म्हणजे नुसतं बुडवणं नव्हे,
किती वेळ, कशात, आणि मग परत
विस्तवाजवळ कधी न्यायचं, तेही.

पुढच्या खेपेला कूलर दुरुस्त झाला.
कार्बन पाजलेले गिअर, तेल साठावर, ढवळत.
यात गाभा आधी वळतो,
कातडी सगळ्यांत शेवटी फुगू बघते
आणि तिला जागा उरलेली नसते.
ती अंग चोरून, आवळून बसते.
त्या आवळण्यावरच दात पुढं
लाखो फेरे सोसतात.
वाफ विरायच्या आत दोनशेच्या भट्टीत,
दोन तास. जेवायला कुणी गेलं नाही.

मी क्ष-किरणाखाली दाताचं मूळ धरलं.
आकडा आला: उणे चारशे दहा.

पुण्याहून गिऱ्हाइकाचा फोन:
अहो, मायनस का? काही चुकलं का?
नाही, म्हटलं.
जगात लोक एकमेकांचं उणं काढतात,
आम्हीपण काढतो,
फक्त ते निघालं की पेढे मागवतो.
तो हसला नाही. ईमेल करा म्हणाला.

फुटलेल्या सातांपैकी एक
शालिकभाऊंच्या टेबलावर आहे,
रजिस्टर उडू नये म्हणून.
चीर केसाएवढी.
बोट फिरवलं तर लागत नाही,
नखाला लागते.