येऊन राहिली

पहाटे साडेतीनला उत्पलाचा फोन येतो.
तिथे बारा वाजलेले, ताटं आत्ता उचलली म्हणे.
मेयोत माझी नाइट, वॉर्ड अकरा.
सलाइनचे थेंब मोजता मोजता
मी विचारते, काय करून राहिली गं?

पुण्याच्या होस्टेलात याच एका शब्दावरून
पोरी तिला हसल्या होत्या.
जेवली तर जेवली, राहिली कुठे?
तेव्हापासून ती माझ्याशीसुद्धा 'जेवतेय' म्हणायची,
उसन्या साडीत वावरावं तसं, जपून.
मी काही बोलली नाही.
भांडं हरवलं तर शेजारी विचारता येतं,
शब्दाचं काय विचारणार?

मग स्कॉलरशिप. मग सेव्हिया.
रेमेदिओस नावाची बाई, बासष्टची,
नवरा गेलेला, गुडघेही गेलेले.
एक खोली आणि दोन वेळचं जेवण, असा करार.
पहिल्याच दिवशी तिनं हिला 'ईहा' म्हणून हाक मारली.
ईहा म्हणजे लेक, आई.
ते मला रात्रभर टोचलं.
सकाळी घरी येताना, कमाल चौकात,
त्याच शब्दानं बरंही वाटलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याची झाडं तिथे.
कडू असतात, कोणी तोडत नाही, फळं पडून राहतात.
माझा भाऊ दयाघन कळमन्याच्या बाजारात संत्री मोजून म्हातारा झाला.
त्यानं तीनदा विचारलं,
पडून राहतात?

जूनमध्ये मी कूलरच्या खसावर पाणी मारत होती,
ती स्क्रीनवर, अंधाऱ्या खोलीत.
तिथेही बेचाळीस.
रेमेदिओस दुपारी खिडक्या मिटून घेते,
म्हणते, झोप, या उन्हात कुत्रंही फिरत नाही.
म्हटलं, बाप्पा, ही तर इंदोऱ्यातलीच कोणी.

आणि हे तिनं मला हसत, धापा टाकत सांगितलं.
वर्गात बाईंनी फळ्यावर दोन क्रियापदं लिहिली,
सेर आणि एस्तार.
दोन्हींचा अर्थ असणं.
एक मुळातलं असणं, एक सध्याचं.
जर्मन पोट्टा वहीत खाडाखोड करत बसला,
कोरियाची पोरगी रडकुंडीला आली,
आणि माझी, शेवटच्या बाकावरून,
एस्तोय कोमिएन्दो.
जेवून राहिली.
एस्तोय एस्तुदियान्दो.
अभ्यास करून राहिली.
आई, बरोब्बर तिथंच बसते गं आपली 'राहिली'!

रेमेदिओस शब्दाचा शेवटचा 'स' गिळते.
माद्रिदचा जावई तिची नक्कल करतो.
ती त्याला आणखी वाढते,
आणि आणखी 'स' गिळते.

त्या रात्रीपासून फोनवर शब्द परत आला.
भाजी चिरून राहिली. कपडे वाळवून राहिली.
रेमेदिओसच्या गुडघ्याला तेल लावून राहिली.
ते ऐकून माझे गुडघे दुखले,
खोटं कशाला बोलू?

आज म्हणते, आणखी दोन वर्षं मिळताहेत.
मग?
विचार करून राहिली.
हे राहणं कोणतं गं, मी विचारलं,
फळ्यावरचं पहिलं की दुसरं?
ती गप्प. मागे नळ सुरू होता,
कुणीतरी तिथून ओरडलं, ईहा,
आणि मला एवढं समजलं की
ते भांडण नव्हतं, पाणी बंद कर असं काहीतरी होतं.

इकडे सात नंबरची बाटली संपत आलेली.
म्हातारा हाका मारतो, सिस्टर, ओ सिस्टर.
येऊन राहिली, मी म्हटलं.
फोन अजून कानालाच होता.
तिकडून उत्पला म्हणाली, काय गं?