नात्याचा रकाना

राखेच्या बुधवारी मिस्सा संपल्यावर
फादरांनी स्टीलचा डबा पुढं ठेवला.
आत दयेच्या कृत्यांच्या चिठ्ठ्या.
म्हणाले, एकेकानं एक काढा,
बदलून मिळणार नाही.

राहेलकाकूला निघालं, उघड्याला वस्त्र.
ती म्हणाली, नाताळात दोन लुगडी दिली, ती धरा की.
सिलास दुशिंगला, त्रासदायक माणसांना धीरानं सोसणे.
तो बायकोकडं बघून हसला.
बायको हसली नाही.

मला निघालं, बंदिवानाची भेट.

आमच्या वाडीचा बंदिवान एकच,
आबनेर त्रिभुवन, कुशीमायचा धाकटा.
चर्चच्या विहिरीवरची मोटार
त्यानं रात्रीतून खोलली
आणि लासूरच्या भंगारात घातली.
फिर्याद माझी. सही माझी.
पंच मीच शोधून आणले, भर उन्हात.
मोटार पोलिसांनी परत दिली,
पण तेव्हापासून ती कण्हते.

चिठ्ठी तीन आठवडे खिशात राहिली.
शर्ट धुवायला टाकताना दर वेळी काढायचो,
दर वेळी परत ठेवायचो.

हर्सूलच्या फाटकाशी फॉर्म दिला.
नाव, गाव, आधार नंबर,
बंदीशी नाते.
तिथं पेन थांबलं.
फिर्यादी लिहू?
खिडकीतला शिपाई म्हणाला, मामा, मागं रांग आहे.
मी म्हणालो, नातं असं काही नाही.
गाव एकच ना?
एकच. भिंतीला भिंत.
मग शेजारी लिहा, सोपं आहे.

सोपं आहे म्हणाला तो.
मी जन्मभर दर रविवारी ऐकलेला शब्द
पहिल्यांदाच सरकारी कागदावर लिहिला,
आणि त्याच्यावर शिक्का पडला.

शेंगदाण्याचे लाडू आत घेतले नाहीत.
रांगेत बिडकीनची एक बाई होती, दोन पोरं घेऊन,
सकाळपासून उभी.
पोरांनी पिशवी रिकामी केली.
हे कुणाच्या चिठ्ठीत मोडतं
मला ठाऊक नाही.

काचेपलीकडं आबनेर.
अंगात तोच शर्ट,
चर्चला रंग दिला तेव्हाचे पांढरे थेंब अजून बाहीवर.
फोन उचलून दोघंही हॅलो म्हणालो,
आणि दोघांनाही पुढचं येईना.
लूकचा पंधरावा अध्याय मी पाठ करून गेलो होतो,
एसटीत दोनदा म्हणून बघितला होता.
एक ओळ आठवली नाही.

ज्वारी काढली का?
काढली.
माय?
बरी आहे. गुडघे धरलेत.
मोटार?
मी म्हणालो, मोटारीचं नाव काढू नको.
तसं नाही काका, आवाज करती का?

करती.

सील उलटं बसलंय. माझ्याच हातून. अंधार होता.
चौदा नंबरचा पाना घ्या,
आधी खालचे बोल्ट, मग वरचे,
पंखा ओढू नका, हलवत हलवत काढा.
काचेवर बोट टेकवून त्यानं एकेक बोल्ट दाखवला.
दहा मिनिटांतली सात मोटारीतच गेली.
मग फोन आपोआप मुका झाला.
तो तरी बोलतच होता, बहुतेक ग्रीसबद्दल.

शनिवारी सिलासला धरून मोटार खोलली.
सील उलटंच होतं.
सरळ केलं, बटण दाबलं.
कण्हणं गेलं,
आणि पाणी आधी कुशीमायच्या तोटीला आलं,
कारण पाइप तिकडूनच जातो,
दुसरं कारण नाही.

झावळ्यांच्या रविवारी फादर म्हणाले,
कृत्य झालं असेल त्यांनी चिठ्ठी डब्यात टाका.
राहेलकाकूनं टाकली. सिलासनं टाकली,
बायको त्याच्याकडं बघतच राहिली.
मी बसून राहिलो.
माफ केलं, असं मी म्हणालो नव्हतो.
त्यानंही मागितली नव्हती.
अजून रात्री कुत्रं भुंकलं
की मी आधी विहिरीकडं बॅटरी मारतो.

परवा बायको विचारत होती,
पुन्हा जाणार असाल तर लाडू करू का?
म्हटलं, आत घेत नाहीत.
मग?
कर.
रांग मोठी असते.